पोहता येत नसलं तरी चालतं?

मालवण-तारकर्लीच्या रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंना फलक दिसतात. निळं पाणी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, मास्क लावलेला एखादा पर्यटक आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: स्कूबा डायव्हिंग करा, पोहता येत नसलं तरी चालतं. धंद्याच्या हिशोबाने हे खोटं नाही. पाठीवर टाकी बांधतात, तोंडात नळी देतात, मार्गदर्शक दंडाला धरून खाली नेतो आणि वर आणतो. पण मला हे वाक्य वाचलं की आमच्या किनाऱ्यावरची मुसलमान गावं आठवतात. दारात समुद्र, रोजीरोटी समुद्रापलीकडे, ताटात रोज मासळी, आणि तरीही पोहता येत नसलं तरी चालतं. मुलग्यांचं एक वेळ निभावतं, ती खाडीत उड्या मारून काही ना काही शिकतात. मुलींना मात्र पोहता येऊच नये अशी व्यवस्था आपण पिढ्यान् पिढ्या करून ठेवली आहे. तिला आपण हया म्हणतो, काळजी म्हणतो, इज्जत म्हणतो. मी वीस वर्षं मुलींना उर्दू आणि मराठी शिकवते आहे, म्हणून शब्दांबद्दल थोडी चिकित्सा करते. माझ्या मते याला अडाणीपणा म्हणतात.

हे आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा पाण्याखाली जाऊन आले. तेही समुद्रात नव्हे, दुबईच्या एका मॉलमध्ये.

मे महिन्यात दुबईला जाऊ नये असं सगळे सांगतात. शिक्षकाला सुट्टी मेमध्येच असते, त्याला काय करणार? धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. बाहेर ऊन असं की चपलेखालचा रस्ता जाणवतो, त्यामुळे संध्याकाळी सगळं कुटुंब मॉलमध्ये. दुबई मॉलच्या तळमजल्यावर ते प्रसिद्ध मत्स्यालय आहे. १ कोटी लिटर पाण्याची टाकी. पुढची पारदर्शक भिंत ३२.८८ मीटर रुंद, ८.३ मीटर उंच आणि ७५० मिलिमीटर जाड. २००८ साली मॉल उघडला तेव्हा जगातली सर्वांत मोठी अशी भिंत म्हणून तिची नोंद झाली होती. ती काचेची नाही, अॅक्रिलिकची आहे. इतक्या पाण्याचा दाब पेलायला साधी काच फार जड पडली असती आणि आरपार दिसतानाही हिरवट दिसली असती. लोक भिंतीपाशी उभे राहून फोटो काढत असतात आणि मागून शार्क जात असतो. त्या माशांबरोबर अधूनमधून एखादा माणूसही पोहताना दिसतो. भाचीने विचारलं, “फुफी, तुम्ही जाणार?” मी हो म्हटलं. भावाने पैसे भरले आणि आकडा मला अजून सांगितलेला नाही, यावरून अंदाज करावा.

रात्री अम्मीला फोनवर सांगितलं. “अगो, या वयात?” एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, “लोक बघतात ना तिथे?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याकडे पुढे येते, पण पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. त्या टाकीबिकी न लावता, केवळ श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढून आणतात. हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आज त्यांच्यातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढे आहेत आणि काही जणी ऐंशीतही उतरतात. त्यांच्यासमोर माझी चाळिशी म्हणजे बालवाडी.

आता त्या टाकीत काय झालं ते सांगते. पण आधी एक दुरुस्ती. आपल्या वर्तमानपत्रांत ‘ऑक्सिजनचा सिलिंडर लावून पाण्याखाली’ असं सर्रास छापून येतं. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपण आत्ता घेतो आहोत तीच हवा असते, दाबून भरलेली. साधारण १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने भरली की सुमारे २४०० लिटर हवा बसते. शुद्ध ऑक्सिजन भरला तर सहा-सात मीटरच्या खाली तो विषासारखा काम करू लागतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. ही हवा लागेल तेव्हा, लागेल तेवढ्या दाबाने तोंडात सोडणारं यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तयार केलं. त्याआधीचे पाणबुडे पितळी हेल्मेट घालून वरून येणाऱ्या नळीला बांधलेले असत. नळी सुटली आणि माणूस माशासारखा मोकळा झाला, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

तर आधी एक लांबलचक अर्ज. दमा आहे का, हृदयाचं काही आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, गरोदर आहात का, सायनस आहे का. मग विचारतात, विमान कधी आहे? कारण दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो आणि तो निघून जायला वेळ लागतो. एका साध्या बुडीनंतरही किमान १२ तास विमानात बसू नये असा दंडक आहे. माझं विमान चार दिवसांनी होतं.

मग कपडे. माझी खरी चिंता हीच होती आणि वाचणाऱ्या अनेक जणींचीही हीच असणार. जाड रबरी कापडाचा सूट असतो, मानेपासून घोट्यापर्यंत. पायात बूट, हातात मोजे. सूट अंगाला घट्ट बसतो हे खरं, म्हणून वरून एखादा ढगळ टी-शर्ट चालेल का असं मी विचारलं. प्रशिक्षिका फिलिपिनो होत्या. त्या म्हणाल्या, चालेल, रोजच कोणी ना कोणी विचारतं. त्यावर हवा भरायचं जाकीट येतं, पाठीवर टाकी येते, कमरेला शिशाचे वजनी पट्टे येतात. डोक्याला त्याच कापडाची टोपी मागितली, ती मिळाली. कपाळावरची एक बट जरी मास्कच्या कडेखाली राहिली तरी तिथून पाणी आत येतं, म्हणून त्या बाईंनी स्वतः माझे केस एकेक करून टोपीत कोंबले. केस झाकण्याबाबत इतकी काटेकोर बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

आणि शिकवणं! बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घ्यावे लागत. एका वेळी एकच कौशल्य, पाच-सहा मिनिटांचा पाठ, लगेच अभिप्राय, पुन्हा तोच पाठ. नोकरीला लागल्यावर ते सगळं वहीत राहतं. साठ मुलींच्या वर्गात कसलं सूक्ष्म अध्यापन? त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मी ते पुस्तकाबाहेर पाहिलं. आधी फक्त नळीतून श्वास, चेहरा पाण्याबाहेर. मग चेहरा पाण्यात. मग नळी तोंडातून काढून पुन्हा लावणे. मग मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन नाकाने फुंकर मारून ते बाहेर काढणे. प्रत्येक पायरी त्या करून दाखवत, मग माझ्याकडून करून घेत, आणि जमेपर्यंत पुढे जात नसत. सोप्याकडून कठिणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. परीक्षेत हे सूत्र आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं.

खुणा वेगळ्या शिकाव्या लागतात, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. त्यातली एक प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे. त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो त्यांनी चार-पाच वेळा तरी सांगितला असेल: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे फुप्फुसं भरून हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आलात तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसाला इजा होते. म्हणजे भीती वाटली की आपण जे आपोआप करतो, श्वास रोखतो, तेच पाण्याखाली सगळ्यांत धोक्याचं. भीती गेली म्हणून श्वास नीट चालतो असं तिथे होत नाही. श्वास सावकाश घेत राहिलं की भीती मागे सरते.

खाली जाताना कान दुखतात. दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची, कानात टक् होतं आणि दुखणं थांबतं. नाही थांबलं तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, घाई करायची नाही.

मग मी तळाशी होते. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. सगळीकडे स्वतःच्याच श्वासाची घरघर आणि बुडबुडे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने आला हे कानाला कळत नाही. सगळं काही डोक्याच्या आत चाललंय असं वाटतं. दुसरी गोष्ट, मास्कमधून वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात. एक पाकट माझ्याकडे आली ती मला आमच्या घरच्या सतरंजीएवढी वाटली. वाळूवाघ शार्क म्हणता येईल असा एक जाडजूड मासा होता, तोंड कायम अर्धवट उघडं आणि दात वेडेवाकडे बाहेर. दिसायला सैतान, स्वभावाने शांत. हा शार्क पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि ती पोटात साठवून पाण्यात तरंगत राहतो. म्हणजे त्यालाही टाकी लागतेच, फक्त त्याची आतच असते.

आणि समोर ती भिंत. पलीकडे माणसं. अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर असं की हो, लोक बघतात, शेकड्यांनी बघतात, फोनवर फोटो काढतात. काळ्या अबायातल्या दोन बायका आपल्या मुलाला उचलून माझ्याकडे बोट दाखवत होत्या. त्यांना दिसत होता तो मास्क, नळी, काळा सूट आणि बुडबुडे. बाई आहे की बुवा, हिंदू की मुसलमान, चाळिशीतली की विशीतली, काहीच कळायची सोय नव्हती. इतक्या लोकांसमोर इतकी निवांत मी गावच्या एस.टी. स्टँडवरही कधी उभी राहिलेली नाही.

माशांबद्दल मात्र मन पूर्ण साफ नाही. ते सतत गोल गोल फिरत होते, कडेला येऊन वळत होते. खुल्या समुद्रात मैलोन् मैल जाणारा प्राणी आपल्या सोयीसाठी मॉलमध्ये ठेवलेला असतो, हे काही विसरता येत नाही. तरी पहिल्या अनुभवासाठी टाकीच बरी हेही तितकंच खरं. तिथे लाट नाही, ओढ नाही, पाणी गढूळ नाही, तळ किती खोल आहे हे आधी माहीत असतं. घाबरलेल्या माणसाला समुद्रात नेऊन शिकवणं म्हणजे पहिलीच्या मुलाला थेट गालिबची गझल देणं.

मॉलमधून बाहेर पडताना माझ्या डोक्यात मात्र मासे नव्हते. ज्या शहरात हे सगळं उभं आहे, ते शंभर वर्षांपूर्वी बुडी मारणाऱ्यांच्याच जिवावर जगत होतं. खाडीकाठच्या या गावांतले पुरुष उन्हाळ्याचे साधारण चार महिने मोत्यांसाठी समुद्रात असत. नाकाला चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, पायाला दगड आणि गळ्यात जाळीची टोपली. दगडाच्या वजनाने खाली जायचं, शिंपले गोळा करायचे, दम संपला की दोरीला हिसका द्यायचा. वर दोरी धरून बसलेला माणूस ओढून घ्यायचा. असं दिवसातून कित्येक वेळा. अनेकांचे कानाचे पडदे फाटत आणि बहुतेक जण नाखुद्याच्या कर्जात जन्मभर अडकलेले असत. ते मोती विकायला यायचे ते आपल्या मुंबईत. पुढे जपानी कल्चर मोती आले, जगभर मंदी आली आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. तरी तिकडे चालणारं नाणं १९६० च्या दशकापर्यंत रुपयाच होतं. मग तेल निघालं आणि आमचे लोक उलट दिशेने निघाले.

मराठीतले ‘नाखवा’, ‘खलाशी’, ‘बंदर’ हे शब्द याच येण्याजाण्यातून आलेले, फारसी-अरबीतून. कोळी बांधव ‘नाखवा’ म्हणतात तेव्हा त्यांना त्या शब्दाचा धर्म विचारावासा वाटत नाही, आणि ते छानच आहे. उर्दूत बुडी मारणाऱ्याला ‘गोताखोर’ म्हणतात आणि गोता ‘लावतात’, म्हणजे स्वतः ठरवून, काहीतरी शोधायला. मराठीत आपण गोते ‘खातो’. शब्द एकच, पण एकात हुन्नर आहे आणि दुसऱ्यात फजिती. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमानांचे आजे-पणजे जहाजांवर सारंग होते, खलाशी होते. आज त्यांच्या नातींना गोता लावता येत नाही, फक्त खाता येतो.

हे मी विनोदाने म्हणत नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसं त्या बोटीचं नाव काढून आम्हाला पाण्यापासून दूर ठेवत. पुढे १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यात मुलीही होत्या. त्या दिवसानंतर शाळा-कॉलेजांत एकच सूर लागला, सहल समुद्रावर नेऊ नका. मला तो कळतो. मीही मुलींना सहलीला नेते, रात्री हजेरी घेताना माझेही हात थरथरतात. पण लेकरांना पाण्यापासून तोडणं आणि लेकरांना पाण्यापासून वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मुली समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. त्यांना कुठल्या परिपत्रकाने तोडणार?

नुसतं पोहता आलं म्हणजे समुद्र मुठीत आला, असंही मी म्हणत नाही. ओहोटीची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही घेऊन जाते. पण ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीतून बाहेर पडायचं असतं किंवा नुसतं उताणं तरंगून हाक द्यायची असते, हे ज्याला माहीत आहे त्याला निदान संधी मिळते. आणि तरंगणं ही शिकायची गोष्ट आहे, चार-सहा दिवसांत येते. भरतीचंही तसंच. कोळ्यांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला सहा, असं. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. आपल्याकडे तर चांदची तारीख घराघरांत ठाऊक असते. एक-दोन दिवसांचा फरक धरला तर तिच्यावरूनही उधाण सांगता येतं. चांदरातीला गच्चीवर धावणाऱ्या मुलींना हे कोणी सांगितलं आहे का? मी वर्गात विचारलं होतं. एकीलाही माहीत नव्हतं.

आता दीनच्या अंगाने येणारा आक्षेप, कारण तो येणारच. मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, ही हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितली जाणारी नसीहत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. जलशांत ती मोठ्या अभिमानाने सांगतात. तिथे शब्द आहे ‘औलाद’. मी भाषा शिकवते म्हणून सांगते, औलाद म्हणजे फक्त मुलगे नव्हेत. सूरह निसामध्ये वारसाहक्काची आयत याच शब्दाने सुरू होते आणि पुढच्याच वाक्यात मुलाचा आणि मुलीचा वाटा सांगते. वारसा वाटताना औलादमध्ये मुलगी येते, मग पोहायला शिकवताना ती कुठे जाते? (खरं तर वारसा वाटतानाही ती बऱ्याच घरांत गायब होते, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.)

पोशाखाच्या बाबतीत मला दोन बाजूंचे लोक सारखेच वाटतात. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काही किनारी गावांनी अंगभर पोहण्याच्या पोशाखावर बंदी घातली होती. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये अशी एक बंदी स्थगित केली. ज्याला बुर्किनी म्हणतात तो पोशाख ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी या लेबनानी वंशाच्या बाईंनी २००४ साली तयार केला, कारण मुसलमान मुलींना खेळात भाग घेताना कपड्यांची अडचण येताना त्यांनी पाहिली होती. मुलगी पाण्यात उतरावी म्हणून केलेल्या कपड्यावर एक जण म्हणतो, हा घालून उतरायचं नाही. दुसरा म्हणतो, हा घालूनसुद्धा उतरायचं नाही. बाई शेवटी कोरडीच.

आपल्याकडेही हे होतं. आमच्या भागातल्या एका तरण तलावावर मी चौकशी केली, तर उत्तर मिळालं, नायलॉनचाच पोशाख पाहिजे, सुती चालणार नाही. हा नियम योग्यच आहे, सुती कपड्याचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेला सलवार-कमीज पोहणाऱ्यालाच खाली ओढतो. मी म्हटलं, नायलॉनचाच आहे, फक्त पूर्ण बाह्यांचा आहे. माणूस म्हणाला, “मॅडम, तसा कोणी घालत नाही.” नियम कुठे लिहिला आहे विचारल्यावर तो शोधत राहिला. त्याला वाईट म्हणायचं नाही. तसा पोशाख घातलेली एकही मुलगी त्याने कधी पाहिलेली नव्हती, कारण आपण एकही पाठवलेली नव्हती.

म्हणूनच त्या फलकावरच्या वाक्याशी माझं भांडण आहे. स्कूबा करा, जरूर करा. दुबईला जायची गरज नाही, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे सरावासाठी तलाव आहे. आधी तलावात शिकवून मग समुद्रात नेणाऱ्यांकडे जा, दोन मिनिटांत टाकी बांधून ढकलणाऱ्यांकडे नको. अर्ज नीट भरा, दमा लपवू नका. पण कोणीतरी दंड धरून वीस मिनिटं खाली फिरवून आणलं म्हणजे पाण्याशी ओळख झाली असं समजू नका. माझीही झालेली नाही. मी पाहुणी म्हणून गेले, पाहुणी म्हणून आले. माझ्या पुढच्या पायऱ्या साध्या आहेत: कमरेएवढं पाणी, चेहरा पाण्यात, बुडबुडे, उताणं तरंगणं.

खर्चाचा मुद्दा कोणी काढेल. स्कूबा हा श्रीमंतांचा नाही तर आखातातल्या भावांच्या बहिणींचा खेळ आहे, मान्य. तरण तलावाची महिन्याची फी मात्र शिकवणीच्या फीपेक्षा कमी आहे. आणि आपण लग्नात एका जेवणावर काय उडवतो ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा मोजायला नको.

त्या तलावाच्या व्यवस्थापकांना मी पुन्हा भेटले. या वेळी सोबत तीन पालक होते, दोन आया आणि एक वडील. महिलांसाठी दुपारी साडेबारा ते दीड अशी वेगळी वेळ द्यायला ते तयार झाले आहेत, अट एवढीच की किमान पंधरा जणी हव्यात आणि शिकवणारी बाई आम्ही शोधायची. बाई मिळाल्या, जिल्हा पातळीवर पोहलेल्या आहेत, आमच्या नाहीत, पण आमच्या मुलींना शिकवायला खूश आहेत. पूर्ण बाह्यांचा पोशाख मुंबईत मोहम्मद अली रोडला मिळतो आणि फोनवरूनही मागवता येतो. आजपर्यंत अकरा नावं आली आहेत. त्यातल्या दोन विद्यार्थिनींच्या आया आहेत आणि एक मी. चार कमी आहेत.